सॅम्पल फ्लॅटचा गृहप्रवेश

फार जुनी नाही हां, मेट्रो आपल्या उपनगरात पोचली तेव्हाची गोष्ट. चाळीस मजली टॉवर येणार म्हणून केवढा गाजावाजा, आणि एक दिवस सगळंच रद्द! मोकळ्या प्लॉटवर उरला एकटा सॅम्पल फ्लॅट.

त्याला पाडायला जेसीबी आला. "काय रे नमुन्या, टॉवरच नाही, तर तू कशाचा नमुना?"

"हळू बोल, आत वॉचमनचं बाळ झोपलंय."

"तुझ्या तर नळालाही पाणी नाही!"

"नसू दे! आज सकाळी बाळाच्या आईनं माझ्या ओट्यावर दूध उतू घालवलं. गृहप्रवेश झाला. आता मी घर आहे, हात लावून बघ!"

जेसीबीचा पंजा हवेतच थांबला. "अरे, पण साहेबांना काय सांगू?"

"सांग, टॉवरमधला एक फ्लॅट तयार झाला, आणि त्याचा ताबाही देऊन झाला!"