ठकूआजीचे दहा दिवस

त्या वर्षी माघात श्रीमल्हारगीर महाराजांचा मुक्काम कासारखेडला, बोरजाईच्या देवळात पडला होता. महाराज जेथे जात तेथे चार दिवस राहत आणि निघताना ते गाव थोडे निराळे करून जात. कासारखेडला हे कार्य एका थकल्या म्हातारीच्या हातून घडले. ती कथा भाविकांनी सावकाश ऐकावी.

ठकूआजी न्हाव्याघरची. तरुणपणीच कपाळ पांढरे झाले, तेव्हा सासूकडून सुईणपण शिकली. पन्नास वर्षे गावात जे मूल जन्मले, ते पहिल्यांदा तिच्याच हातांत आले. पण कासारखेडची रीत मोठी चमत्कारिक! बाळ जन्मले की घरच्यांना दहा दिवस सोयेर, म्हणजे जन्माचा विटाळ, हे सगळीकडेच आहे. इथे मात्र नाळ कापणाऱ्या सुईणीलाही तेवढेच दिवस सोयेर मानत, आणि तोवर तिने देवळाची पायरी चढायची नाही. आता एवढे मोठे गाव! एका घरचे दहा दिवस सरायच्या आत दुसऱ्या घरचे बोलावणे यायचेच. आठ दिवस मोजावेत, नववा उजाडावा, आणि कोणीतरी दारात हाका मारीत उभे. अशी पन्नास वर्षे गेली. नवी नवरी म्हणून आली तेव्हा एकदा ती देवळात गेली होती. पण डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, त्यामुळे तिला दिसले ते देवीचे पाय तेवढे. तोंड पाहायचे राहूनच गेले.

आता गुडघे गेले होते, हात कापत होते. दोन घरे चालले तरी दम लागायचा. तिने शेजारच्या वाडीतल्या सुईणीला निरोप धाडला, "इथून पुढं तू बघ गं बाई. माझं आता संपत आलंय. मरायच्या आधी एकदा तिचं तोंड बघते." आणि दिवस मोजायला बसली. एक, दोन, पाच, नऊ... दहाही सरले. अकराव्या दिवशी सकाळी तिने न्हाऊन धुतलेले लुगडे नेसले, नारळ घेतला आणि काठी टेकीत देवळाकडे निघाली. वाटेत चार ठिकाणी बसावे लागले.

देवळाच्या पायरीशी देवस्थानाचा कारभार पाहणारे वहिवाटदार हैबतराव मोकाशी उभे होते. गावात त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे, आणि हे त्यांना चांगले ठाऊक होते.

"काय ठकू, बोटं मोजून आलीस ना नीट?" ते हसत म्हणाले. "का उगीच देवी विटाळायला निघालीस? तुझ्या हाताचा वास काय दहा दिवसांत जातो होय?"

माणसे हसली. ठकूआजी काठी टेकून पहिली पायरी चढली. बोलायलाही जीव लागतो, आणि तो तिने पायऱ्यांसाठी राखून ठेवला होता. ती सभामंडपात पोहोचली तेव्हा नैवेद्यासाठी गाभाऱ्याचा पडदा नुकताच पडला होता. आता घटकाभर थांबायचे, मग पडदा उघडेल. महाराज खांबाशी बसले होते. त्यांनी तिला जवळ बसवून घेतले.

इतक्यात मोकाशांची मोलकरीण धापा टाकीत आली. हैबतरावांची लेक पहिलटकरीण, माहेरी आली होती. पहाटेपासून कळा येत होत्या, आता अडली होती. मूल आडवे आलेले, एक हात बाहेर. वाडीच्या सुईणीने हात टेकले होते. हैबतरावांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी ठकूआजीकडे पाहिले.

ठकूआजीने पडद्याकडे पाहिले. मग काठी चाचपली.

"बाई, घटकेत पडदा उघडेल," महाराज म्हणाले. "दर्शन घेऊन जा."

"न्हाई जी," ती उठत म्हणाली. "देवी हितंच हाय. ती थांबंल. पोर न्हाई थांबायची."

महाराजांचे डोळे भरून आले. "जा माये," ते म्हणाले.

मोकाशांच्या घरी तिने वाडीच्या सुईणीला बाहेर पाठवून दार लावून घेतले. आत ती, लेक आणि लेकीची आई. कोपरापर्यंत एरंडेल लावून ती कामाला लागली. पण मूल वळवायला जो जोर लागतो, तो आता तिच्या मनगटात उरला नव्हता. पोरीचे ओरडणे बारीक होत चालले. ठकूआजीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. "आई, आता न्हाई गं होत माझ्यानं," ती पुटपुटली.

तोच तिच्या हातांवर दुसरे दोन हात आले. भरदार, ऊन, मनगटभर हिरवा चुडा. ठकूआजीला वाटले, घरातली कोणी आली असेल. त्या हातांनी तिचे हात धरून सावकाश वळवले आणि आत मूल वळले. थोड्याच वेळात मुलगी झाली, रडली! माय आणि लेक दोघी सुखरूप.

"कोण हुती गं ती, हिरव्या चुड्याची?" तिने लेकीच्या आईला विचारले.

"कोण? दाराला आतून कडी आहे, आजी. आपण तिघीच होतो की."

ठकूआजी ओसरीवर येऊन भिंतीला टेकली. आता पुन्हा दहा दिवस. एवढे दिवस आपल्यापाशी नाहीत, हे तिला समजले होते. तिला रडूही आले नाही, इतकी ती थकली होती.

तेवढ्यात महाराज आले. मागे हैबतराव आणि घाबराघुबरा झालेला गुरव.

"मालक, म्या पडदा उघडला तर देवीचं दोन्ही हात कोपरापर्यंत तेलानं माखल्यालं!" गुरव म्हणत होता. "वास घिऊन बघितला. एरंडेल हाय."

"देऊळ शुद्ध करून घ्यावे लागेल," हैबतराव चाचरत म्हणाले.

"कशाने करणार?" महाराज म्हणाले. "अहो, देवी तुमच्या लेकीचे बाळंतपण करून आली आहे. तुमच्या रीतीने देवीला आता दहा दिवसांचे सोयेर आले. तिला कोणत्या देवळाबाहेर उभी करता, सांगा!"

हैबतरावांची मान खाली गेली. महाराज ठकूआजीजवळ बसले आणि तिचे हात हातांत घेऊ लागले.

"शिवू नका जी, सोयेर हाय मला. दर्शनबी ऱ्हायलं."

"जिने तुझे हात धरले, तिचे आणखी कसले दर्शन हवे, माये?"

ठकूआजीने आपल्या तेलकट हातांकडे पाहिले. मग तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर हळूहळू हसू आले.

"तोंड न्हाई बघितलं म्या," ती म्हणाली. "कामात हुते. पर हात लई ऊन हुता हो तिचा."

एवढे बोलून तिने महाराजांच्या खांद्यावर मान टाकली. पन्नास वर्षांनी तिला निजायला सवड मिळाली.

आत नवे बाळ रडत होते. हैबतराव खाली बसले आणि ठकूआजीच्या तेलकट तळव्यांवर त्यांनी कपाळ टेकले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच हातांनी त्यांना या जगात आणले होते. "आजी, चुकलो गं," एवढेच त्यांच्याने बोलवले. मान वर केली तेव्हा कपाळाला तेल लागले होते. कोणीतरी उपरणे पुढे केले. हैबतरावांनी ते घेतले नाही.