पहिल्या घाण्याची तबकडी

"पण पहिलीच कशाला पाहिजे?" योहानबाबांनी विचारलं. "मागाहून काढलेली वाजत नाही का?"

चिंतामणी गर्गे नुसते हसले.

हाच प्रश्न रस्त्यावरच्या कुणी विचारला असता तर त्यांनी पोटात घातला असता. पण योहान साळवे! देवळाली कँपातल्या हॉटेलांमधले ज्यूकबॉक्स, नाणं टाकलं की गाणं वाजवणारी ती मशीनं, ज्या माणसानं तीस वर्षं सांभाळले, त्यानं असं विचारावं?

"बाबा, पहिली ती पहिली. पहिल्या शंभर तबकड्यांत सुरुवातीला 'एक, दोन, तीन, चार' आहे. गाणाऱ्या पोरानं ताल धरायला मोजलेलं. पुढच्या खेपेला कंपनीनं ते कापलं."

"बरं."

"शिवाय लेबलाजवळच्या गुळगुळीत कडेवर एक नंबर कोरलेला असतो. पहिल्या खेपेचा वेगळा, दुसऱ्या खेपेचा वेगळा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मी भिंग आणलंय."

"बरं..."

म्हाताऱ्याचं हे 'बरं' चिंतामणींना जरा खटकलं. पण अडला हरी... जाऊ द्या. गरज त्यांची होती.

आता हे चिंतामणी गर्गे कोण, ते सांगायला हवं. पुण्याचे. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. साठ-सत्तरच्या दशकात कॉलेजच्या पोरांनी गिटारी गळ्यात अडकवून जी पॉप गाणी म्हटली, त्यांच्या सात इंची तबकड्या गोळा करायचं यांना वेड. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला एक, झालं. सिंगल म्हणतात त्याला. अशा तीन हजार तबकड्या त्यांच्या घरी. त्यांच्यासाठी वेगळी खोली आणि खोलीला एसी. बायको बाहेर पंख्याखाली.

आणि तबकडीसुद्धा साधीसुधी चालत नाही. पहिल्या घाण्याचीच पाहिजे.

महाराष्ट्रात आपल्याएवढं कुणाकडे नाही, असं ते स्वतःच सांगत. खोटं नव्हतं ते. एवढंच की त्या तीन हजारांत एक नव्हती, आणि जी नव्हती तिच्यापायी उरलेल्या सगळ्या त्यांना कमी वाटायच्या. नाशिकच्या चार पोरांनी म्हटलेलं सायकलचं गाणं. मागाहून काढलेल्या चार प्रती होत्या त्यांच्याकडे. पहिली मात्र बारा वर्षं शोधून सापडली नव्हती.

आणि आज ती समोर होती. योहानबाबांच्या मांडीवर. पत्र्याच्या खोलीत, स्टोव्हच्या शेजारी, धुळीत!

"बघू का?" चिंतामणींनी खिशातून पांढरे हातमोजे काढले.

बाबा त्या हातमोज्यांकडे बघत राहिले.

"ऑपरेशन आहे का रे?"

चिंतामणी ओशाळले, पण मोजे चढवलेच. तबकडी खिडकीशी धरली, भिंग लावलं, श्वास रोखला... होता. नंबर होता! एकसुद्धा ओरखडा नाही. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लपवायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"बाबा, मागाल ते देतो."

"विकत नाही मी."

"मग?"

"मागेल त्याला देऊन टाकतो. सत्त्याऐंशी पूर्ण झाली मला, बरोबर काय नेणार आहे? पण रीत आहे आमची एक."

ही रीत ज्यूकबॉक्सच्या दिवसांतली. दर शनिवारी सकाळी बाबा सायकलवरून एकेका हॉटेलात जायचे. जुन्या तबकड्या काढायच्या, नव्या बसवायच्या. कुठली काढायची आणि कुठली ठेवायची, हे मशीनवरचा काटा सांगायचा. कुठलं गाणं किती वेळा वाजलं ते त्यावर दिसायचं. बाबांनी त्या काट्याकडे कधी पाहिलं नाही. ते कोपऱ्यातल्या टेबलाशी चहा घेत बसायचे आणि मशीन बंद करायला लावायचे. मग कान देऊन ऐकायचे. बशा पुसणारा काय गुणगुणतोय, गल्ल्यावरचा काय गुणगुणतोय. जे गाणं बंद मशीनपुढं कुणाच्या तरी तोंडात असायचं, ते राहायचं. हॉटेलवाले वैतागायचे, पण बाबांपुढं कुणाचं चालत नसे. आता तबकडी द्यायची, तीही गाणं तोंडात असलेल्यालाच.

"मी वाजवतो," बाबा म्हणाले. "तू बरोबर म्हणायचंस. मोठ्यानं."

"मी? मला गाता येत नाही हो."

"मला तरी कुठं ऐकू येतं धड? म्हण."

चिंतामणींना मनातून हसू आलं. एवढीच परीक्षा? या गाण्याचा शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता.

बाबांनी शेजारच्या जुन्या प्लेयरवर तबकडी चढवली. सुई टेकवली. खरखर... आणि मग अठरा-एकोणीस वर्षांच्या एका पोराचा खणखणीत आवाज. एक, दोन, तीन, चार!

चिंतामणींच्या अंगावर सर्रकन काटा आला. किती वर्षं झाली, देवा! नाशिकरोडचं घर. रविवारची सकाळ. वडील दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर यायचे आणि त्या 'चार'वर भिंतीवरच्या आरशातल्या स्वतःला चुटकी वाजवून दाखवायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, पाणी निवतंय तुमचं! आणि तीच आई पोळ्या लाटता लाटता ताल धरायची. घरात रेकॉर्ड प्लेयर आलेला, शेजारची पोरं खिडकीला लटकलेली. काय दिवस होते ते!

ते म्हणू लागले. आधी पुटपुटत, मग गळा मोकळा करून.

"हळू चालव सायकल, पोरी, हळू चालव सायकल..."

बाबा डोळे मिटून बसले होते.

"समोर आहे... मायकल!"

आणि चिंतामणींनी मांडीवर जोरात थाप मारली.

तबकडी मात्र आपल्या वाटेनं चालली होती. "समोर आहे उतार आणि मागे बसलाय मायकल," असं सावकाश म्हणून ती पुढं गेली. चिंतामणी केव्हाच पुढं पोचून एकटे उभे होते.

बाबांनी सुई उचलली. पुन्हा सुरुवातीला टेकवली.

"चुकलो," चिंतामणी म्हणाले. "आता नीट म्हणतो."

एक, दोन, तीन, चार. हळू चालव सायकल, पोरी... समोर आहे... मायकल! थाप.

"अरेच्चा!"

तिसऱ्यांदा त्यांनी ओठ गच्च मिटून धरले. शब्द आत अडवला. पण हात कुठला ऐकायला? नेमक्या जागी मांडीवर पडलाच.

बाबांनी डोळे उघडले.

"ही कुठली तबकडी म्हणतोयस तू?"

चिंतामणींनी हातमोजे उगाच ओढून नीट केले.

"...आमच्या घरची," ते म्हणाले.

"तीही पहिलीच होती?"

"पहिलीच. वडिलांनी त्या पोरांच्याच हातून आणलेली."

"मग ही उडी?"

"ओरखडा होता. सुई तिथून उडायची. मधले शब्द जायचे. समोर आहे मायकल, असंच ऐकू यायचं. मग सगळे मांडीवर थाप मारायचे. वडील, आई, शेजारची पोरं... पाहुण्यांना मुद्दाम ऐकवायचे वडील. कुणी नवीन माणूस आला की आधी सायकल, मग चहा."

सांगता सांगता ते हसत होते. हसता हसता थांबले.

"ओरखडा कुणी काढला?"

"धाकट्यानं. पद्याने."

"मुद्दाम?"

"छे! नऊ वर्षांचा होता. गाणं संपेपर्यंत दम निघायचा नाही त्याला. मायकलची ओळ पुन्हा ऐकायची म्हणून हातानं सुई मागं ओढली. कर्रर्र... मी अशी मुस्काडात दिली त्याच्या! पाच बोटं उठली. वडील मलाच रागावले. म्हणाले, राहू दे, आता ही आपली झाली."

"कुठाय ती?"

"नाही." चिंतामणींचा आवाज एकदम कडक झाला. "वडील गेल्यावर घर रिकामं केलं. मी पुण्यात. सगळं पद्याने आवरलं. तबकड्यांची पेटीच्या पेटी भंगारवाल्याला दिली त्यानं. मी फोनवर विचारलं तर म्हणतो, दादा, ती खराबच होती की! खराब! मी त्याला सांगितलं, आधी ओरखडा काढलास, आता जीव घेतलास. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

"दाखवलं?"

"नाही."

"किती वर्षं झाली?"

"बारा."

बाबांनी स्टोव्हवरचं आधण उतरवलं. दोन कपांत चहा गाळला. चिंतामणींनी मोजे काढून कप घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"ही मिळाली तर काय करणार आहेस?"

"एसीत ठेवीन. नाही..." ते अडखळले. या म्हाताऱ्यापुढं खोटं बोलवेना. "आधी पद्याला दाखवणार. फोटो पाठवणार. बघ म्हणावं, वस्तू जपायची असते ती अशी. बारा वर्षं हेच मनात आहे, बाबा. दुसरं काही नाही."

"राहतो कुठं तो?"

"...नाशिकरोडलाच."

"म्हणजे इथून?"

"सात-आठ किलोमीटर."

"आणि तू आलास कसा?"

चिंतामणींनी मान खाली घातली. पुण्याचा रस्ता नाशिकरोडवरूनच येतो. पद्याच्या गल्लीच्या तोंडाशी सिग्नल लागला होता. दोन मिनिटं गाडी तिथं उभी होती, आणि ते दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत बसले होते.

"त्याच्या घरावरूनच," ते म्हणाले.

बाबा चहा पीत राहिले. शेजारच्या बेकरीत खारी भाजत होते, त्याचा वास खोलीत आला.

मग बाबांनी कप खाली ठेवला. सदऱ्याच्या गळपट्टीत रफूची एक सुई टोचलेली होती. ती काढली, प्लेयरवरून उतरवलेल्या तबकडीवर ठेवली आणि तबकडी चिंतामणींच्या मांडीवर.

"घे. तुझी झाली."

"बाबा, तुमचे उपकार..."

"थांब. ती सुई घे हातात. जिथं तुझी थाप पडते ना, तिथं ओढ."

"काय?"

"ओरखडा काढ."

"बाबा!" चिंतामणी ताडकन उठलेच. तबकडी दोन्ही हातांनी छातीशी धरली, उघड्या हातांनी, मोजे खाली पडले. "डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? अख्ख्या महाराष्ट्रात अशी दुसरी नाही! मी बारा वर्षं वणवण केली हो हिच्यासाठी!"

"हिच्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

"तीनदा वाजवली मी. तीनदा तू दुसरीच म्हणालास."

चिंतामणी उभेच राहिले. मग हळूहळू खाली बसले. हातांच्या घामाचे ठसे त्या काळ्याभोर तबकडीवर उमटले होते. एरवी त्यांना ते सहन झाले नसते. आता त्यांनी ते पुसलेसुद्धा नाहीत.

"काढला ओरखडा, तर... तसं वाजेल?"

"काय माहीत. काढून बघ."

त्यांनी सुई घेतली. चिमटीत धरली. तबकडी खिडकीकडे कलती केली, ती ओळ कुठल्या रेषेत असेल त्याचा अंदाज घेतला. टोक खाली आणलं. केसाएवढं अंतर उरलं.

टोक तिथंच अडलं. दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तरी खाली जाईना.

पद्या पाटावर उभा राहून सुई ओढतोय, असं त्यांना दिसलं. जीभ बाहेर काढलेली, चड्डीची नाडी लोंबतेय. एका ओळीसाठी जीव टाकणारं ते पोर. आणि मग त्याचा तो गाल. रडला नव्हता पद्या. नुसता दादाकडे बघत राहिला होता. बारा वर्षांपूर्वी फोन ठेवायच्या आधीही तो असाच गप्प होता.

चिंतामणींनी सुई बाजूला ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं, आणि या वेळी त्यांनी ते लपवलं नाही.

"बाबा, मला नाही जमणार हे."

योहानबाबांनी तबकडी त्यांच्या हातातून घेतली. जुन्या कागदी पाकिटात सरकवली. वर ती रफूची सुई टोचली आणि पाकीट परत त्यांच्या हातात दिलं.

"मग ज्याला जमलं होतं, त्याच्याकडे घेऊन जा."