अकरा सोमवारांची चिठ्ठी

"मग माझा हात धरणार कोण, अज्जा?"

रेवणसिद्ध शेटे हे विचारत होता तेव्हा अज्जा जोंधळे निवडत बसले होते. नदीकाठच्या त्या मठातल्या म्हाताऱ्या स्वामींना सगळे अज्जाच म्हणत. त्यांचं खरं नाव विचारायचं धाडस कुणी केलं नव्हतं.

"कशाला धरायचा?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"सौद्याला."

गाव हळदीच्या बाजाराचं. तिथले जुने व्यापारी अजूनही रुमालाखाली हातात हात घेऊन भाव ठरवतात. कुणी किती बोटं दाबली ते त्या दोघांनाच ठाऊक. कागद नाही, सही नाही. रेवणसिद्धाचं दिवाळं निघालं तेव्हापासून दोन हंगाम त्याच्या रुमालाखाली एकही हात आला नव्हता. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून तो बाजारात जाई आणि दुपारी तसाच परत येई.

"कोर्टानं मला मोकळं केलंय," तो म्हणाला. "कागद आहे माझ्याकडं. दाखवू?"

"नको. शिक्का खोटा हाय असं कुठं म्हणतोय मी?"

"मग बाजार माझ्याकडं चोरासारखा का बघतोय?"

"एकच पेव दोघांना दाखवलंस, हे खरं काय?"

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. त्यातल्या मालावर कर्ज मिळतं, पण ते एकदाच काढायचं असतं. रेवणसिद्धानं एकाच मालावर दोघांकडून पैसे उचलले होते.

"दाखवलं," तो म्हणाला. "भाव चढला असता तर दोघांचेही फिटले असते."

"हं."

"पडला भाव. त्यात माझा काय दोष?"

अज्जांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. 

"तुम्ही फक्त एक चिठ्ठी द्या," रेवणसिद्धानं शेवटी पोटातलं ओठांवर आणलं. "हा विश्वासाचा माणूस आहे, एवढंच लिहा. हंगामाच्या पहिल्या दिवशी पारिसा चौगुल्यांनी माझा हात धरला, की बाकीचे रांगेनं येतील."

पारिसा चौगुले बाजारातले सगळ्यांत जुने व्यापारी. ते अज्जांचं ऐकत. अज्जांच्या शब्दाला बाजारात वजन होतं, कारण ते शब्द फारसा कुणाला देत नसत.

"हायस काय?"

"काय?"

"विश्वासाचा."

रेवणसिद्धाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. एके काळी याच मठाच्या मंडपावर त्यानं पत्रे घालून दिले होते. तो उठायला लागला, पण जाणार कुठे? पुन्हा खाली बसला.

"पैसे किती हायत जवळ?" अज्जांनी विचारलं.

हां, आलं इथं, रेवणसिद्ध मनात म्हणाला. मठ झाला म्हणून काय, पेटी सगळीकडेच असते. त्यानं पाचशेच्या चार नोटा काढून जमिनीवर ठेवल्या.

"ह्या आणखी कुणाला दाखवल्यास?"

"अज्जा!"

"विचारून ठेवलेलं बरं."

चारही नोटा लाकडी पेटीत गेल्या. मग अज्जांनी त्यातलीच एक काढून त्याच्यापुढे धरली.

"ही घे. उसनी. पुढच्या सोमवारी प्रसादाच्या घंटेआधी परत आणायची. मी बघणार, आणि परत उसनी देणार. हंगाम उघडेपर्यंत असंच."

"ही माझीच नोट आहे."

"व्हय."

"माझीच नोट मी तुमच्याकडून उसनी घ्यायची? आणि वर तुम्हालाच परत करायची?"

"दुसऱ्याचे पैसे आपले समजून वापरायला तुला जमतं," अज्जा म्हणाले. "आपले पैसे दुसऱ्याचे समजून परत करायला जमतंय काय, बघू."

घरी जाऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. "म्हातारा पंधराशे गिळणार बघ, महादेवी. वर पाचशेचा हेलपाटा."

"मग दर सोमवारी जाऊन पेटी बघून येत जावा," महादेवी म्हणाली.

तो गेला तो त्यासाठीच. पश्चात्ताप वगैरे कुणी त्याच्या पदरात घालू नये. आपले पैसे जागेवर आहेत की नाहीत, एवढंच त्याला बघायचं होतं.

पहिल्या सोमवारी अज्जांनी नोट खिडकीच्या उजेडात धरली. उलटीसुलटी केली, बोटांनी चोळून पाहिली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि तीच नोट त्याच्या हातात दिली.

"पेटी उघडून दाखवा," रेवणसिद्ध म्हणाला.

अज्जांनी दाखवली. तिन्ही नोटा होत्या. दोघांनीही त्या मोजल्या.

दुसऱ्या सोमवारी हेच.

तिसऱ्या सोमवारी वाटेत एक जुना अडत्या भेटला. चहा झाला, चहावर गप्पा झाल्या. आपलेच पैसे, पळून थोडेच जातायत, असं म्हणत रेवणसिद्ध पोचला तेव्हा घंटा होऊन गेली होती. पंगतीत दुसऱ्यांदा भात फिरत होता.

"जरासा उशीर झाला, अज्जा. तसा काय फरक पडतोय..."

अज्जांनी नोट उजेडात धरली. कॅलेंडरवर लिहिलं.

"जेवून जा," म्हणाले.

पुढे तो उशिरा कधी आला नाही. पण अज्जाही नोट तपासायचे थांबले नाहीत. पाचव्या सोमवारी त्याच्यानं राहवलं नाही.

"अजून माझ्यावर विश्वास नाही?"

"न्हाई."

असं तोंडावर सांगितलेलं त्याला फार लागलं. रस्ताभर तो म्हाताऱ्याला शिव्या घालत गेला आणि सहाव्या सोमवारी घंटेच्या तासभर आधीच येऊन बसला.

सातव्या सोमवारच्या आदल्या दिवशी घरातला गॅस संपला. महादेवीनं खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. नोट तिथेच होती.

"ती आपली न्हाई," रेवणसिद्ध बोलून गेला, आणि स्वतःच चपापला.

त्या दिवशी परसात चूल पेटली. महादेवीनं धुरात डोळे पुसत भाकरी थापल्या. नवऱ्याला ती एका शब्दानं बोलली नाही. तिला बरं वाटलं होतं, पण इतक्यात तसं दाखवायची तिची तयारी नव्हती. भाव चढणार, भाव चढणार, हे ऐकून ऐकून तिच्या बांगड्या गेल्या होत्या.

अकराव्या सोमवारी रेवणसिद्ध आला तो हात जोडूनच. दुसऱ्या दिवशी बाजाराचा मुहूर्त होता.

अज्जांनी नोट उजेडात धरली.

"आता तरी बसला विश्वास?"

"न्हाई."

"अकरा सोमवार झाले, अज्जा!"

"व्हय. मोजलेत मी."

"म्हणजे चिठ्ठी मिळणार नाही."

"देतो की. कुणी न्हाई म्हटलं?"

अज्जांनी आधी पेटीतल्या तीन नोटा काढल्या, चौथी त्यांवर ठेवली आणि चारही त्याच्यापुढे सरकवल्या. मग कॅलेंडर खुंटीवरून उतरवून मांडीवर घेतलं. त्यात बघून बघून, सावकाश, कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

रेवणसिद्धानं नोटांना हात लावला नाही. कागद आधी उचलला.

'रेवणसिद्ध शेटे अकरा सोमवार आला. उसनी नोट अकरा वेळा परत केली. तिसऱ्या सोमवारी घंटेनंतर आला.'

त्यानं ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"विश्वासाचा माणूस, हे कुठं लिहिलंय?"

"मी जे बघितलं ते लिहिलं."

"आणि हे तिसऱ्या सोमवारचं?"

"तेबी बघितलं."

"अज्जा, एवढी एक ओळ खोडा." रेवणसिद्धानं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "अर्ध्या तासाचा तर उशीर. तोही माझ्याच नोटेचा. कुणाचं काय बुडालं त्यात?"

"कुणाचंच न्हाई."

"मग राहू दे की ते तुमच्या-माझ्यात!"

अज्जांनी कॅलेंडर परत खुंटीला अडकवलं.

रेवणसिद्धानं कागदाचे दोन तुकडे केले. मग चार. आपण हे काय केलं, ते त्याला नंतर कळलं. तो तुकड्यांकडे बघत राहिला. दहा सोमवार वेळेवर येणारा माणूस त्या तुकड्यांत होता. आजवर कुणी त्याच्याबद्दल लिहिलेला एवढा चांगला कागद दुसरा नव्हता. कोर्टाचा तर नव्हताच.

अज्जांनी दुसरा कोरा कागद घेतला. कॅलेंडर पुन्हा मांडीवर ठेवलं आणि तितक्याच सावकाश लिहून कागद त्याच्या हातात दिला.

तीन ओळी. त्याच.

रेवणसिद्ध मटकन भिंतीला टेकला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

"उद्या हा कागद पारिसा चौगुल्यांच्या हातात जाणार, अज्जा. माणूस किती संशयी, तुम्हाला माहीत आहे. हळकुंड मोडून, वास घेऊन, चाखून मग पोत्याला हात लावतो. हा एक सोमवार बघितला की रुमालाखालचा हात मागं घेईल तो."

अज्जा पुन्हा जोंधळ्यांच्या सुपाशी बसले होते.

"आणि हा एक खोडला," ते म्हणाले, "तर बाकीचे दहा खरे, हे तो कशावरून मानंल?"