कीचकांचे वर गेलेले हात

एका डोंगरात एक जुना मठ होता. साधू केव्हाच निघून गेले होते, म्हणून राज्य भिंतींवरच्या कोरीव प्राण्यांकडे आलं.

राजा झाला कीर्तिमुख, दारावरच्या कमानीतला. त्याला नुसतं तोंड होतं, पोट नव्हतं. त्यामुळे खाल्लेलं जातं कुठे याची चौकशी लागली, की झडतीला पोटच सापडत नसे. प्रवक्ते मकरपंत. मगरीचा जबडा, हत्तीची सोंड, मोराचं शेपूट. छतावरचं पाणी त्यांच्या तोंडून पडे. पावसाळा सरला की आश्वासनं.

आणि खांबाच्या टोकाला ढेरोबा. तो कीचक, म्हणजे दोन्ही हातांनी डोक्यावरचं छत तोलणारा ढेरपोट्या. सातशे वर्षं हात वर. आता राजाला छतावर दुसरं शिखर हवं होतं. ढेरोबाची मान मोडणार होती.

सभा भरली.

"बंधुभगिनींनो!" मकरपंत गरजले. "हा भार नाही, हा अभिमान आहे! बाजूने असतील त्यांनी हात वर करा!"

"माझा विरोध आहे!" ढेरोबा ओरडला.

"हात तर वर आहेत तुझे."

"ते कायमच वर असतात, पंत!"

"कायमचा पाठिंबा! लिहून घ्या."

"गप रे बाबा," शेजारच्या खांबावरचा कीचक तुंबाजी पुटपुटला. "मागे मी नुसता शिंकलो, तर जयजयकार म्हणून नोंदवला."

ठराव पहिला : दुसरं शिखर. एकमताने मंजूर.
ठराव दुसरा : कीचकांचे हात रिकामे नसल्याने त्यांचं जेवण राजाने जेवावं. एकमताने.
ठराव तिसरा : खांदेदुखी ही अफवा आहे. एकम

इतक्यात शिखराचा पहिला दगड चढला. ढेरोबाची मान कडकन वाजली.

"गेलं खड्ड्यात तुमचं शिखर!" म्हणत त्याने दोन्ही हात खाली घेतले.

(पुढच्या दोन ओळी धुळीमुळे वाचता येत नाहीत.)

धूळ बसली तेव्हा सगळ्याच कीचकांचे हात खाली आले होते, छत जमिनीवर होतं आणि राजा छतावर, उताणा. त्याचं निम्मंच तोंड शाबूत होतं. भाषणाला तेवढं पुरलं.

"मित्रहो, वचन दिल्याप्रमाणे आम्ही आकाश खुलं केलं आहे! आता हे दगड पाठीवर घेऊन कीचकांनी आमचं शिखर पलीकडच्या टेकडीवर बांधावं. मतदानाची पद्धतही आजपासून सुधारली आहे. बाजूने असतील त्यांनी हात खाली ठेवा."

ढेरोबाने जीव खाऊन हात वर करायला पाहिलं. सातशे वर्षांनी खाली आलेले हात, ते हलेचनात.

मतदान शांततेत पार पडलं, असं मकरपंतांनी कळवलं.