आत्ताच फेरी मारून आणलीय

“मग असल्या माणसाला शाप द्यायचा नाही, तर कुणाला द्यायचा, बाबा?”

हिरागीर बाबा धुनीतलं लाकूड पुढं सारत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

विचारणारा होता श्रीहरी कापसे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातला. डॉक्टरकीची पदवी नव्हती, पण आसपासची सगळी गावं त्याला डॉक्टर म्हणायची आणि त्यालाही ते आवडायचं. बैलाच्या तोंडात बोट घालून वय सांगायचा. आपण बाजारात शिरलो की व्यापाऱ्यांना घाम फुटतो, असं तो स्वतःच सांगायचा. ‘मला फसवणारा अजून जन्माला यायचाय,’ हे तर मठात येणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेलं.

तो जन्माला आलेला होता. जिल्ह्याच्या गावी, बायपासला, त्याचं जुन्या मोटारसायकलींचं दुकान होतं.

“काय झालं ते सांग,” बाबा म्हणाले.

“सांगितलं की परवा.”

“परवा तू नुसता ओरडत होतास. आज सांग.”

श्रीहरीनं मांडी घातली. चिडून चिडून माणूस थकतो ना, तसा तो थकला होता.

“गेलो तेव्हा गाडी दारातच लावलेली. चकाचक पुसलेली. शेठ म्हणाला, एका मास्तरांची आहे, घर ते शाळा आणि शाळा ते घर, तिसरा रस्ता तिनं बघितलेला नाही. मी इंजिनला हात लावला…”

“मग?”

“चटका बसला. म्हटलं, एवढी गरम कशी? तर म्हणतो, आत्ताच फेरी मारून आणलीय, साहेब, खास तुमच्यासाठी. किक मारली. पहिल्या किकला चालू.”

“चांगलं झालं की.”

“काय चांगलं, बाबा. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोनवर कुणाला तरी सांगतोय, थांबा जरा, साहेब बघतायत, त्यांनी सोडली तर तुमची. मी म्हटलं, सोडतोय कशाला.”

“म्हणजे घेतलीस.”

“घेतली.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“मेली होती.”

…

पुढचं काही सांगायची गरज नव्हती, सगळ्या गल्लीला पाठ होतं. रोज सकाळी श्रीहरी किक मारत बसायचा. पाय दुखायला लागला की हाताने ढकलायचा, ढकलून दमला की पुन्हा किक. शेजारचे अण्णा तर चहाचा कप घेऊनच ओट्यावर येऊन बसायचे, बघायला. एकदा चालू झाली की दिवसभर गपगुमान पळायची. गार झाली की पुन्हा मढं. मेकॅनिकनं इंजिनाला कान लावला, मान हलवली आणि म्हणाला, डॉक्टर, हिला तापवून विकलीय तुम्हाला.

तापवून विकलीय. बैलाला दारू पाजून बाजारात उभं करतात, ते श्रीहरी लांबून ओळखायचा. इथं स्वतःच्या हाताला चटका बसला तरी कळलं नव्हतं. राग शेठचा होता, पण त्याहून जास्त या गोष्टीचा होता. तेवढं मात्र तो बाबांना बोलला नाही.

“दुकानावर गेलास परत?”

“गेलो की. एकदा म्हणे शेठ जेवायला गेलेत. एकदा म्हणे तिरुपतीला गेलेत. शेवटी सापडला, तर चहा पाजला. म्हणतो, साहेब, तुम्ही चालवून बघितली होती ना? मग? पहिल्या किकला चालू झाली होती ना? मग? जशी आहे तशी घेतली, म्हणून सही तुमचीच ना? मग? दर वाक्याला मग, मग. माझ्या डोक्यात अजून तेच वाजतंय. वर म्हणतो, गाडी दुकानाच्या बाहेर पडली की तिचं नशीब तुमचं.”

“चहा कसा होता?”

“बाबा, मी काय सांगतोय…”

“बरं, राहिलं.”

श्रीहरी पुढं सरकला.

“शाप द्या. तुमचा शब्द खाली पडत नाही, सगळी पंचक्रोशी सांगते.”

बाबांनी धुनीकडं हात केला.

“ही राख. नवा बैल आला, नवी गाडी आली, बाळंतीण आली की हीच लावतो. शापाला वेगळी राख नाही माझ्याकडं.”

“हीच चालेल.”

“शब्द काय?”

“त्याचे हात झडू देत.”

“मग बायको भरवत बसेल. तिला कशाला शिक्षा? विचार करून ये.”

…

श्रीहरी विचार करून आला.

“दुकान जळू दे.”

“आत कुणाकुणाच्या गाड्या असतील. पुन्हा विचार कर.”

आता आली का पंचाईत. माणूस शाप मागायला यावा आणि त्याला गृहपाठ मिळावा. श्रीहरी धुसफुसत उठला. गावोगाव गाई-म्हशींना इंजेक्शनं देत फिरायचा आणि मनात शब्द घोळवायचा. हा नको, तो नको. शेवटी एका गुरुवारी आला तो तोंडावर समाधान घेऊनच.

“सापडला, बाबा.”

“बोल.”

“याच्या शब्दावर यापुढं कुणाचा म्हणून विश्वास बसू नये. घरच्यांचासुद्धा.”

बाबांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं.

“हा मोठा आहे, श्रीहरी.”

“असू दे.”

“दिला की परत घेता येत नाही.”

“घ्यायचा कुणाला आहे.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“मग माणूस समोर आण. तोंड न बघता मी देत नाही.”

श्रीहरीनं कपाळावर हात मारला. इतके दिवस घासून घासून शब्द तयार केले, आणि आता हे. तो शेठ बायपास सोडून या टेकडीवर कशाला मरायला येतोय?

“तो कसा येईल, बाबा?”

“येतो. तू शब्द विसरू नकोस म्हणजे झालं.”

…

मोतीराम पांचाळ भेटला तो पलीकडच्या वाडीत. सुतारकाम करायचा. मठाचं दार त्यानंच घडवलेलं. त्याची गाय एकदा श्रीहरीनं मरता मरता वाचवली होती, तेव्हापासून मोतीराम त्याला देवाच्या खालोखाल मानायचा.

“डॉक्टर, तुम्ही गाडी विकायला काढताय असं ऐकलं.”

“कोण म्हणालं?”

“तुमच्या शेजारचे अण्णा.”

अण्णांनी आणखी काय सांगितलं असेल या धास्तीनं श्रीहरीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मोतीरामच्या तोंडावर काहीच नव्हतं. अण्णांनी चांगल्या मनानं गिऱ्हाईक धाडलं होतं, एवढंच.

“मला द्या,” मोतीराम म्हणाला. “बायकोचे, शेवंताचे दिवस भरत आलेत. मागच्या खेपेला पहाटे कळा सुरू झाल्या, आणि वाहन मिळेस्तोवर ऊन वर आलं. ते लेकरू हाती लागलं नाही. औंदा दारात गाडी पाहिजे. पहाटे म्हणजे पहाटे.”

श्रीहरीनं तोंड उघडलं. खरं ते सांगावं असं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं.

मग त्याला ती किक आठवली. अण्णांचा चहाचा कप आठवला. शेठचं ते मग, मग. त्याच्या जिवाला त्या गाडीचा इतका वीट आला होता की ती डोळ्यांसमोरून जावी, एवढंच त्याला हवं होतं.

“घे की,” तो म्हणाला.

“आठवडाभर थांबता?”

“थांबलो असतो रे. पण आणखी एक जण मागं लागलाय.”

कुणी मागं लागलेलं नव्हतं.

“मग येत्या गुरुवारीच घेतो. मठात. बाबांच्या हातनं राख लावून घरी नेतो.”

मठाची ही रीतच होती. कुणी काही नवं घेतलं की ते धुनीपुढं आणायचं, देणाऱ्यानं तिथं घेणाऱ्याच्या हातात द्यायचं, आणि बाबांनी राख लावायची. नाही म्हणायला काही जागा नव्हती.

…

गुरुवारी श्रीहरी उजाडायच्या आत उठला. गल्लीत तमाशा नको म्हणून गाडी ढकलत कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागं नेली आणि किक मारायला लागला. शर्ट पाठीला चिकटला. कधीतरी एकदा ती खोकली, ठसकली आणि चालू झाली. मग त्यानं तिला बंद म्हणून होऊ दिलं नाही. जिनिंगला चकरा मारत राहिला, ऊन पडेपर्यंत.

आपण खोटं कुठं बोलतोय, तो स्वतःला सांगत होता. गाडी चालते. चालू झाली की चालतेच. आणि आपण फसलो तेव्हा कोण आलं होतं सांगायला? मोतीराम हाताचा कसबी आहे, करेल काहीतरी दुरुस्ती. शेवंताचा विचार आला की तो गिअर बदलायचा.

मठाच्या पायरीशी दोघं आधीच येऊन बसले होते. मोतीरामच्या अंगात धुतलेला सदरा, हातात नारळ. शेवंता कमरेवर हात ठेवून टेकलेली. गाडी बघून ती सावकाश उठली.

“बघून घे, मोतीराम,” बाबा आतून म्हणाले.

“डॉक्टरांची गाडी काय बघायची, बाबा.”

त्यानं खरंच बघितलं नाही. गाडीला हातही लावला नाही, उलट लांबूनच नमस्कार केला. श्रीहरीनं गाडी बंद करून दाखवली आणि किक मारली. पहिल्या किकला चालू.

शेवंतानं मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला जरा मोकळं वाटलं असावं.

“पहाटेबी अशीच होते ना, डॉक्टर?”

“तिला काय होतंय,” श्रीहरी म्हणाला. तो आरशावरची धूळ पुसायला लागला. आरशावर धूळ नव्हती.

गाडी बंद झाली. हिरागीर बाबा बाहेर आले आणि अंगणातल्या धुनीतली राख त्यांनी चिमटीत घेतली. गाडीच्या दिव्याला लावली, हँडलला लावली. मग वाकले आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्यांनी इंजिनावर ठेवला.

काढला नाही.

श्रीहरी बघत राहिला. तो चटका त्याला ठाऊक होता.

“बाबा, हात…”

“चांगलीच तापलीय, श्रीहरी.”

“आत्ताच फेरी मारून आणलीय, बाबा.”

वाक्य बाहेर पडलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. तोच सूर, तोच गोडवा. नुसतं ‘साहेब’ तेवढं म्हणायचं राहिलं होतं.

…

मोतीराम पायरीवर नारळ आपटत होता, त्याला यातलं काहीच समजलं नाही. शेवंता पदर सारखा करून हात जोडून उभी होती. श्रीहरीला वाटलं, मान खाली घालावी. पण बाबा त्याच्याकडंच बघत होते आणि त्याला नजर काढता येईना.

बाबांनी तळवा काढला. लाल झाला होता. त्याच हातानं त्यांनी धुनीतली नवी चिमूट उचलली आणि चार पावलं चालून श्रीहरीच्या अगदी समोर येऊन उभे राहिले.

“माणूस आलाय,” ते हळूच म्हणाले, शेजारी कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू. “शब्द तेच ठेवायचे ना?”