सहा चेंडूंची सवलत

श्रीधर पेंडारकर गेले आणि महिन्याभरात मिरजेच्या जिमखान्याने त्यांच्या आवडत्या एटबॉलच्या, म्हणजे पूलच्या, टेबलावर विक्रीची चिठ्ठी लावली. अध्यक्ष दाजीसाहेब पक्के स्नूकरवाले.

"नाइनबॉलमध्ये निदान आकड्यांच्या क्रमाने तरी जावं लागतं," ते श्रीधररावांच्या पत्नीला, मृणालवहिनींना म्हणाले. "इथे आपल्या सातांतला हवा तो चेंडू भोकात घाला, शेवटी काळा घाला, संपलं! पोरखेळ आहे, वहिनी."

मृणालवहिनींच्या वीस वर्षांच्या संध्याकाळी नवऱ्याबरोबर त्याच टेबलाशी गेल्या होत्या. त्यांनी श्रीधररावांची काठी उचलली.

"मग एक डाव होऊ द्या. मी हरले तर टेबल विका. तुम्ही पहिल्या फटक्याने डाव फोडलात की तुमचे सहा चेंडू मी उचलून ठेवते. तुम्हाला एक आणि काळा, मला सातही आणि काळा."

"हरायला आलात की काय?" म्हणत दाजीसाहेबांनी डाव फोडला.

वहिनींनी सहा चेंडू उचलले. सातवा त्यांच्या तीन चेंडूंच्या आड, कडेला चिकटून होता. तो तेवढा राहू दिला. आता दाजीसाहेबांना नेम धरायला दुसरा चेंडूच उरला नव्हता. दाजीसाहेबांनी किती नेम धरले, पण काठीने मारायचा पांढरा चेंडू दरवेळी वहिनींच्याच चेंडूंवर आपटे. प्रत्येक चुकीमागे वहिनी एकेक चेंडू घालत गेल्या. आडवे तीन त्यांनी शेवटी घातले, आणि मग काळा.

"सहा कमी असून मी हरलो कसा?"

वहिनी काठी पुसत होत्या. "आपली माणसं कमी झाली की पुढची वाट सोपी होते, असं ज्यांचं कुणी गेलेलं नाही त्यांनाच वाटतं, दाजीसाहेब."

दाजीसाहेबांनी टेबलावरची चिठ्ठी काढली.