आखूड होणारा दोर

“…मग मी अजून काय करायचं, बाबा? या पोरीला सोडून एक दिवस कुठं गेले नाही. तरी तिला मावशीकडंच का राहायचंय?”

नदीकाठच्या तकियात, आपल्या झोपडीपुढं, नूरबाबा फकीर घायपाताच्या वाखाचा दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

अनुसया दर गुरुवारी त्यांच्याकडं यायची. आज पोरीला पायरीवर बसवून बोलतच सुटली. पहाटे उठून पोरीला गरम भाकरी करते, वेणी घालते, दप्तर भरते. आळीत कुणालाही विचारा, म्हणाली, माझ्याइतकं करणारी दाखवा. आणि ही नऊ वर्षांची गौरा सुट्टीहून परत आली ती हाच हट्ट घेऊन, मावशीच्या गावच्या शाळेत नाव घाला. हिच्या वडलांनीही मान डोलावली. सोमवारी दाखला काढायचा. पोर तुमचं ऐकते, तुम्हीच तिला दोन शब्द सांगा.

बाबांनी दोराचं एक टोक अनुसयाच्या हातात दिलं.

“धर.”

तिनं धरलं. पण नुसतं उभं राहणं तिच्यानं होईना. शेजारी खिचडीसाठी काढलेल्या तांदळाचं सूप होतं. तिनं टोक खांबाला करकचून बांधलं नि खडे वेचायला बसली. हात सुपात, तोंड तक्रारीत.

बाबा पीळ देत राहिले.

…

दोर तटकन तुटला.

“घट्ट तर बांधला होता,” ती ओशाळून म्हणाली.

“घट्टच होता.”

बाबांनी नवा वाख घेतला. पायरीवर बसलेली गौरा कुणी न सांगता उठली नि टोक धरून उभी राहिली. पीळ बसेल तसा दोर आखूड होत गेला, नि पोर एकेक पाऊल पुढं सरकत गेली. सरकता सरकता बाबांना सांगत होती, मावशीच्या भाकरी रोज करपतात. माझ्या गोष्टी ऐकत बसते ना ती, म्हणून.

बाबा हसले.

“आणि हा दात परवा पडला, बाबा.”

अनुसयाचा हात सुपात थांबला. “परवा? मला नाही सांगितलंस ते?”

“सांगितलं, आई. दोनदा. तू हं म्हणालीस.”

…

दोर पुरा झाला. गौरा बाबांच्या गुडघ्याशी येऊन टेकली होती.

 मग अनुसयानं पदरानं डोळे पुसले. 

“सोमवारच्या आत मी काय करू, तेवढं सांगा, बाबा.”

बाबांनी तिच्यापुढचं सूप उचलून बाजूला ठेवलं.

“दात कुठं टाकला, ते विचार तिला.”